सोळाशे उष्मांकांचा हिशेब

जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत, असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवलं जातं. 'तिथे माझे घास मोजतात' असं एखादी सून माहेरी येऊन म्हणाली, की पुढे काही सांगायची गरज उरत नाही. चुलत्याकडे शिकायला राहिलेला पुतण्या असो, जेवणावळीला आलेला परका असो, की शेतावरचा गडी. ताटावर बसलेल्या माणसानं किती खाल्लं याचा हिशेब ठेवणं हा त्याचा अपमान समजला जातो. अशा भाषेत वाढलेली माणसं गेल्या काही वर्षांत चाळिशी-पन्नाशीला येऊन स्वतःचेच घास मोजू लागली आहेत. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आला आहे, आणि पोह्यांची बशी तोंडापर्यंत जाण्याआधी मोबाईलमध्ये नोंदवली जाते.

हे मोजणं कुठून आलं, याचा शोध घेताना एक आकडा मला पुन्हापुन्हा भेटत गेला: सोळाशे. बैठं काम करणारा, ऐंशी किलोच्या आसपासचा पन्नाशीचा पुरुष वजन घटवायला निघाला, की मोबाईलमधलं ॲप त्याला दिवसाला साधारण सोळाशे कॅलरींची मर्यादा घालून देतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत माणसाला उपाशी ठेवून पाहण्याचा जो प्रयोग झाला, त्यातला आहारही जवळपास तेवढाच होता. आणि १८७७ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला इंग्रज सरकारनं जे धान्य पुरेसं ठरवलं, त्याचाही आजच्या तक्त्यानं हिशेब केला तर उत्तर सोळाशेच्या जवळ येतं. आकडा एकच असला तरी तो ठरवणारे हात वेगळे होते, आणि या इतिहासात सगळा फरक त्या हातांमुळे पडला.

एक पौंड धान्य

१८७६ ते १८७८ हा दख्खन आणि मद्रास इलाख्यावरच्या भीषण दुष्काळाचा काळ. त्याआधी १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि फार माणसं मरू दिली नाहीत. कौतुक व्हायच्या ऐवजी त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. त्यामुळे १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी त्यांनाच पाठवलं, तेव्हा टेंपल हात आखडूनच आले. सरकारी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असं त्यांनी ठरवलं. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारी असो वा तांदूळ, शंभर ग्रॅममागे साधारण ३५० उष्मांक धरले तर हे सोळाशेच्या जवळ जातं. एवढ्यावर दिवसभर माती उपसायची आणि खडी फोडायची.

मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. नुसत्या भातावर कष्टाचं काम करणारं शरीर टिकत नाही, डाळ आणि इतर पोषण हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई इलाख्यात मजुरी घटवल्यावर हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनं धाडली. मद्रासमध्ये पुढे हे प्रमाण वाढवावं लागलं. याच टेंपल साहेबांची त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली.

कॅलरी हा शब्द या वादात कुठेच नाही. टेंपल आणि कॉर्निश दोघेही पौंड आणि औंसांत बोलत होते. पण पुढच्या दीडशे वर्षांचा प्रश्न तिथेच मांडला गेला होता: एका माणसाला किती अन्न पुरे, आणि 'पुरे' हे कोणी म्हणायचं?

बर्फातला गिनिपिग आणि खोलीतला माणूस

कॅलरीचा जन्म स्वयंपाकघरात झाला नाही, भुकेतूनही झाला नाही. ती उष्णता मोजणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत जन्मली. १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं मंद जळणं आहे, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. लाव्हाझिए १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला, पण शरीर म्हणजे शेगडी ही कल्पना टिकली. मराठी पाठ्यपुस्तकांनी कॅलरीला 'उष्मांक' हा जो शब्द दिला, त्यात ही शेगडी अजून आहे.

या कल्पनेला आकड्यांत बसवलं ते विल्बर ॲटवॉटर यांनी. अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या मिडलटाऊन गावी, वेस्लियन विद्यापीठात, त्यांनी १८९० च्या दशकात माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली उभारली. आत झोपायला आणि बसायला सोय. माणूस तिथे दिवसचे दिवस राही. खिडकीतून अन्न आत जाई, मलमूत्र बाहेर येई, आणि अंगातून निघणारी उष्णता भिंतींतून फिरणाऱ्या पाण्यावरून मोजली जाई. अशा प्रयोगांतून आणि अन्नपदार्थांच्या पृथक्करणातून जे सूत्र आलं ते आजही प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यामागे काम करतं: एक ग्रॅम पिष्टमयात चार उष्मांक, प्रथिनात चार, स्निग्धात नऊ.

ॲटवॉटरना कोणाचं वजन उतरवायचं नव्हतं. कामगारांनी त्याच पैशात जास्त ताकदीचं अन्न कसं घ्यावं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या हिशेबात पीठ, घेवडा आणि स्वस्त मांस वरचढ ठरे, तर पालेभाजी आणि फळं म्हणजे जवळपास पैशाची नासाडी. जीवनसत्त्वं तोवर कोणाला माहीत नव्हती. तक्त्यात जे मोजलेलं नाही ते नाहीच असं समजण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

मोजणारा आणि खाणारा एकच

स्वतःसाठी मोजायला लोकांना शिकवलं ते लॉस अँजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. १९१८ मध्ये त्यांचं 'डाएट अँड हेल्थ, विथ की टू द कॅलरीज' हे छोटं पुस्तक निघालं. बाई स्वतः जाड होत्या आणि खाण्यावर ताबा ठेवून बारीक झाल्या होत्या, त्यामुळे पुस्तकात उपदेशापेक्षा थट्टा जास्त. पाव किती तुकडे खाल्ला हे बोलू नका, किती कॅलरींचा खाल्ला ते बोला, हा त्यांचा धडा. काळ पहिल्या महायुद्धाचा. युरोपातल्या भुकेल्यांसाठी अन्न वाचवा अशी सरकारी मोहीम चालू होती, आणि अशा वेळी अंगावर चरबी साठवणं म्हणजे साठेबाजी, असं पीटर्सबाईंनी वाचकांना बजावलं. म्हणजे इथेही भूक होती, पण दुसऱ्याची. ती स्वतःच्या ताटाला लाज आणण्यासाठी वापरली गेली. १९२४ आणि १९२५ अशी दोन्ही वर्षं हे पुस्तक अमेरिकेत कथा-कादंबऱ्या सोडून सर्वाधिक खपलेलं पुस्तक होतं.

घास मोजणारा आणि खाणारा एकच माणूस, ही गोष्ट नवी होती. मालक, जेलर, दुष्काळी अधिकारी हे सगळे आता डोक्यात येऊन बसले. आपल्याच खाण्यावर आपणच ठेवलेला मुकादम तेव्हापासून आपल्यासोबत आहे.

हा मुकादम सोळाशेवर फार कडक झाला तर काय होतं, ते पुढच्या महायुद्धात दिसलं. १९४४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र उचलायला नकार देणारे. उपाशी युरोपला पुन्हा जेवतं कसं करायचं हे कळावं म्हणून स्वखुशीनं आलेले. आधी त्यांना दिवसाला ३२०० च्या आसपास उष्मांक मिळत. मग २४ आठवडे तो आहार साधारण १५७० वर आणला, आणि आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं ठेवलं. सरासरी चौथा हिस्सा वजन उतरलं. पण नोंदी वाचताना वजनापेक्षा दुसऱ्याच गोष्टी मनात राहतात. माणसं ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली, उन्हाळ्यातही थंडीनं कुडकुडू लागली. शरीरानं खर्च आवरता घेतला होता. नाडी मंदावली, अंग गार पडलं, हालचाल कमी झाली.

हे सडपातळ, तरुण, चालते-फिरते लोक होते. ऐंशी किलोच्या बैठ्या माणसाला तोच आकडा काही महिने झेपतो, कारण त्याच्या पोटावर आणि कमरेवर पुरवठ्याची कोठी आहे आणि खर्च थोडा आहे. पण शरीर खर्च आवरतं घेतं हा नियम त्यालाही लागू होतो. १९९५ मध्ये रुडॉल्फ लीबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की वजन दहा टक्के उतरल्यावर माणसाचा ऊर्जेचा खर्च लहान झालेल्या शरीराच्या मानानं अपेक्षेपेक्षाही खाली जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा हलेनासा होतो, तेव्हा माणूस स्वतःला आळशी आणि चोरटा ठरवतो. तोवर त्याच्या शरीरानं आपला जुना धडा गिरवायला घेतलेला असतो.

कुन्नूर ते पुणे

भारतीय अन्नाचा तक्ता तयार झाला निलगिरीतल्या कुन्नूरला. तिथल्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख वॉलेस ॲकरॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. पुढे बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावरही ते होते. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९७१ मध्ये सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी काढलेला तक्ता पुढची कित्येक वर्षं देशभरच्या आहारतज्ज्ञांच्या टेबलावर राहिला. आज मोबाईलमध्ये 'ज्वारीची भाकरी' टाकल्यावर जो आकडा येतो, त्याचं कूळ शोधत गेलं तर अशा तक्त्यांपर्यंत पोचतं.

त्याच १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक मिळतील इतकाही खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी सरळ रेषा त्यांनी ओढली. या मापानं १९६०-६१ मध्ये खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं रेषेखाली निघाली. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटानं खेड्यासाठी २४००, शहरासाठी २१०० अशी मापं ठरवली. टेंपल यांनी जी मोजणी खर्च आटोक्यात ठेवायला वापरली होती, ती इथे उलट्या बाजूनं, सरकारला जाब विचारायला वापरली गेली. घास मोजण्याचा हा बहुधा सर्वांत सन्मान्य उपयोग असावा.

आणि मग त्या रेषेलाच आव्हान मिळालं, तेही पुण्यातूनच. डॉ. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून वीसेक वर्षं काम करून ते पुण्यात परतले होते. त्यांचा मुद्दा असा: माणसाची उष्मांकांची गरज हा ठरीव आकडा नाही. एकाच निरोगी माणसाची गरजही आठवड्यागणिक खालीवर होते, आणि शरीर एका मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेतं. त्यामुळे सरासरीवर रेषा ओढून तिच्या खालच्या सगळ्यांना उपाशी म्हणणं संख्याशास्त्राच्या दृष्टीनं चूक आहे.

दांडेकर आणि इतर अभ्यासकांनी याला कडाडून विरोध केला. त्या विरोधाचं सार असं सांगता येईल: कमी खाणारा माणूस गरज कमी म्हणून कमी खातो, की परवडत नाही म्हणून? शरीर जुळवून घेत असेल, पण कशाच्या बदल्यात? याच काळात डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 'लहान पण निरोगी' शरीराची कल्पना मांडली, तेव्हा गोपालन यांनीही ती फेटाळली. खुरटलेली वाढ हे जुळवून घेणं नसून चुकवलेली किंमत आहे, ही त्यांची भूमिका होती. वाद आकडेवारीचा दिसत असला तरी त्यावर कोट्यवधी लोकांचं रेशन अवलंबून होतं.

बहात्तरची पिढी

माझा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला, सांगोल्याकडच्या एका गावातला. आई सातव्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर पाट्या टाकत होती. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. मिलोच्या भाकरीची चव ती अजून तोंड वाकडं करून सांगते. बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी मला साखर काठावर असल्याचं सांगितलं आणि मी काटा आणला, तेव्हा साठ ग्रॅम पीठ तोलताना पाहून ती म्हणाली, "आम्हाला मोजून द्यायचे, तू मोजून घेतोस. बरं आहे, तुझ्या हातात तरी आहे."

तिच्या बोलण्याची दुसरी बाजू पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात आहे. १९९० च्या दशकात त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी घटली नव्हती. बारीक दिसणारी, आतून चरबी राखलेली बाळं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

'कशाच्या बदल्यात' या प्रश्नाचं एक उत्तर बहुधा इथे आहे. पोटात असताना आखूड पुरवठ्याशी जुळवून घेतलेलं शरीर पुढे भरल्या घरात मधुमेहाकडे लवकर झुकतं. रोज घास मोजणारे आजचे पन्नाशीचे अनेक जण हे ज्यांचे घास कधीकाळी मोजले गेले त्यांचीच मुलं आहेत. आणि हे संपलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात आजही साधारण पाचातली एक बाई प्रमाणापेक्षा कृश आहे, आणि चारातली एक प्रमाणापेक्षा जाड. दोघी एकाच तालुक्यात राहतात.

चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, त्याला कोण काय करणार, असा एक दिलासा आपण एकमेकांना देत असतो. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात २९ देशांतल्या ६४०० हून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शरीराच्या आकारमानाच्या मानानं होणारा ऊर्जेचा खर्च विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत जवळपास स्थिर असल्याचं दिसलं. म्हणजे मध्यमवयात शेगडी थंड होत नाही. स्नायू झिजतात, खुर्ची मिळते, गाडी येते, आणि चहासोबत चिवडा येतो.

व्यायामाबद्दलही हिशेब सरळ नाही. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दाखवलं, की दिवसभर बसणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी होतो. पण टांझानियातले हाडझा लोक शिकारीसाठी आणि कंदमुळांसाठी रोज मैलोनमैल चालूनही, शरीराच्या मानानं शहरी अमेरिकनांइतकीच ऊर्जा खर्च करतात, असं हर्मन पाँट्झर यांना २०१२ मध्ये आढळलं. पळून आलं की वडापाव माफ, हा हिशेब त्यामुळे लागत नाही. चालणं आणि वजनं उचलणं हवंच. हृदयासाठी, साखरेसाठी, स्नायूंसाठी, आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून. वजन उतरवण्याचं बरंचसं काम मात्र ताटातच करावं लागतं.

मग मोजण्याचा उपयोग काय? १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' असं म्हणणाऱ्यांना तपासलं. त्यांचं चयापचय ठीक होतं. प्रत्यक्ष खाण्यातलं जवळपास निम्मं ते सांगत नव्हते, आणि ते खोटं बोलत होते असंही नाही. फोडणीचं तेल, मुलाच्या ताटातलं उरलेलं, जाता-येता तोंडात टाकलेले शेंगदाणे कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. लिहून ठेवलं की दिसतात. मूठभर शेंगदाण्यांत जवळपास एका भाकरीइतके उष्मांक असतात, हे मला काट्यानंच सांगितलं.

यापुढे मात्र मोजणीकडून फार मागू नये. भाकरीची जाडी, पिठाचा ओलावा, पळीतलं तेल यांत रोज फरक पडतो. तक्ता सरासरी सांगतो, आणि शरीराची गरज सुखात्मे म्हणत तशी हलती असते. त्यांचा युक्तिवाद गरिबाच्या रेशनवर लावायला धोक्याचा होता, कारण तिथे जुळवून घेण्याची किंमत भलताच माणूस भरत होता. भरल्या घरातल्या ताटावर मात्र तो चपखल बसतो. सोळाशेच्या जागी पंधराशे ते अठराशे असा पट्टा ठेवावा, आठवड्याची सरासरी पाहावी, सणाच्या दिवशी वही मिटावी, आणि थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, स्वप्नात जिलब्या येऊ लागल्या, तर मिनेसोटाचे तरुण आठवून खाणं वाढवावं.

१८७७ च्या मजुराला हे करता आलं नसतं. त्याचा पौंड तोलणारा माणूस समोर उभा होता आणि वाढवून घेण्यासाठी काम सोडून जाण्याखेरीज त्याच्यापाशी मार्ग नव्हता. माझ्या काट्यावरचा आकडा मी वाढवू शकतो, काटा कपाटात ठेवू शकतो. साडेतीन महिन्यांत सहा किलो उतरले, साखर खाली आली. आई जेवायला बसली की मात्र मी काटा आत ठेवतो. तिच्या ताटातलं काहीही मोजायचं नाही, हे आमच्यात न बोलता ठरलेलं आहे.